नळी तापेपर्यंत

२०२३ साल, मी बहात्तर वर्षांचा. नंजनगूडला देवळापुढं माझं नारळाचं दुकान; तिथं बसनं जाता-येता औषध कारखान्यातली एक मुलगी शेजारी बसे. बसची दांडी असो की डब्याचं झाकण, हाताची मागची बाजू लावून ती आधी ऊब बघायची. औषध तपासायच्या यंत्राची नळी एकसारखी तापलेली लागते, नाहीतर निकाल खोटा येतो, हे तिनंच सांगितलं.

एका संध्याकाळी म्हणाली, "अज्जा, साहेब म्हणतात, बाजारात मागणी लई आहे, नळी तापायला थांबू नको. तसल्या तपासणीच्या कागदावर मी सही केली नाही. उद्याही केली नाही तर घरी बसवणार."

मागणी म्हणे. मागतो कोण? रोज बीपीची गोळी गिळणारा मीच ना? मी न तपासलेली मागितली होती काय? चौथी नापास माणसालाही एवढं कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. तिच्याबरोबर कारखान्याच्या गेटवर उतरलो आणि साहेबाची वाट बघत तिथंच बसलो.