एकट्यानं कापलेला बगीचा

आमच्या टोळीचं काम संत्र्याच्या झाडांची सल काढायचं. फळं उतरली की झाडावर वाळक्या काड्या आणि मेलेल्या फांद्या उरतात, त्यांना सल म्हणतात. पुरुष आरीनं ती कापतात आणि आम्ही बाया मागून जाऊन कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याचा लेप लावतो. ऐकायला काम सोपं आहे. पण विचार करा, दुसऱ्याच्या फळत्या बगीच्यात दहा-बारा माणसं आऱ्या घेऊन शिरतात आणि मालक घरी निवांत चहा पीत बसतो. एवढा भरवसा लोक सख्ख्या भावावर टाकत नाहीत. आमच्याकडे तर सख्ख्या भावावर मुळीच टाकत नाहीत.

म्हणून आमच्या टोळीत एक रीत आहे. नव्या बगीच्यात पाय ठेवला की पहिल्या झाडाला हळदकुंकू लावायचं, सगळ्या आऱ्या त्याच्या बुंध्याशी ठेवायच्या आणि मालकानं एकेक आरी उचलून ज्याच्या त्याच्या हातात द्यायची. घेणाऱ्यानं म्हणायचं, ओल्या फांदीला आरी लावणार नाही. ही रीत माझ्या वडिलांनी घातली. ते टोळीचे मुकादम. ते आरी दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत, आणि मग बाकीच्यांकडं अशी नजर टाकत की नव्या माणसाला घाम फुटावा. मला त्यांचा फार अभिमान होता. होता, असंच लिहिते.

टोळीत एक काका होते. नात्याचे नाहीत, पण माझ्या जन्माआधीपासून वडिलांसोबत. मोझरीकडचे आहेत एवढंच सगळ्यांना माहीत. बायको नाही, घर नाही, आमच्याच अंगणातल्या खोलीत राहायचे. माझं लग्न अकोल्यात झालं आणि ते मोडलं. एक बॅग घेऊन मी अंजनगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा घ्यायला वडील आले नाहीत, काका आले. बॅग उचलली आणि म्हणाले, "पोरी, उपाशी असशील. आधी भजे खाऊ, मंग घरी जाऊ." काय झालं, कसं झालं, एका शब्दानं विचारलं नाही. बाकी अख्ख्या गावानं विचारलं. तेव्हापासून मीही टोळीत आले, आणि बी.ए. झालेली पोरगी चुना कालवते म्हणून गावाला बोलायला आणखी एक विषय मिळाला.

काकांची एक खोड होती. आऱ्या वाटायच्या वेळी ते कधी हजर नसत. कधी पाणी आणायला गेलेले, कधी चप्पल तुटलेली. रीत उरकली की मुकाट येऊन आपली आरी आपणच उचलायचे. आम्ही चिडवायचो, "काकाले हळदकुंकवाची अॅलर्जी हाय." तेही हसायचे. वडील मात्र याबद्दल कधी काही बोलले नाहीत. जरा उशिरा आलेल्या पोरावर खेकसणारा माणूस काकांना सूट देतो, याचं मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जुनी दोस्ती, असंच धरून चालले होते.

शेंदूरजनाघाटाच्या बाजूचं काम वडील कधी घेत नसत. तिकडचं पाणी मानवत नाही म्हणायचे. पण या वर्षी आमच्याकडं फळाची गळ इतकी झाली, की कास्तकार सल काढायला बोलवेनात. माणसं घरी बसून होती, आणि बसलेली माणसं मुकादमाचंच डोकं खातात. तेवढ्यात तिकडच्या एका मालकाचा फोन आला. माणूस अनोळखी होता, बगीचा नवा होता. वडिलांनी बराच वेळ घेतला आणि हो म्हटलं. काका म्हणाले, "भाऊ, नोको जाऊ." वडील म्हणाले, "आता किती वर्सं झाले, बाप्पा." कशाला किती वर्षं, हे मी विचारलं नाही.

मालकाचं घर बगीच्यातच होतं. त्याची म्हातारी आई फार बोलकी. संध्याकाळी काम सुटलं की ती ओसरीवर टीव्ही लावून आम्हाला हाक मारायची, "या वं बायाहो, सुरू झाली." त्या वेळी एक मालिका लागायची. एका बड्या शेतावर नाव बदलून राहणारा गडी, सगळ्यांना जीव लावणारा. पण पूर्वी त्यानं कुणा मालकाचं धान्याचं कोठार जाळलेलं, आणि ते प्रकरण आता उकरून निघत होतं. शेतावरची बाकी गडीमाणसं त्याच्यापायी संकटात सापडलेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसला मामला. आमच्या बाया तर अशा गुंगल्या होत्या, की दिवसभर लेप लावताना त्याचीच चर्चा. पुरुष लाजत लाजत पायरीवर बसायचे. काकाही बसायचे. वडील तेवढे येत नसत. "मले नाही आवडत ते रडगाणं," म्हणायचे आणि विहिरीकडं जाऊन बसायचे.

एका संध्याकाळी मालिका संपल्यावर म्हातारी आपलंच सांगायला लागली. हा बगीचा दुसरा. पहिला होता नदीच्या काठी, नवऱ्यानं स्वतः कलमं लावून वाढवलेला. दिराशी वाटणीवरून वैर आलं. ऐन फळावर असताना कुणीतरी रातोरात सगळा बगीचा कापला.

"सकाळी गेलो त सारी झाडं आडवी. फळासगट. पानं अजून ताजे होते वं. माझा माणूस मंग घरी आला अन ओसरीवर बसला, वावराकडं पाठ करून. मरेपरेंत तसाच बसे."

"कोणं कापलं, समजलं?" आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"करवणारा समजला. दीर. थोही गेला. कापणारे नाही समजले."

आमच्या लोकांत फळतं झाड कापणं म्हणजे दुभती गाय मारण्यासारखं. बायांनी गालांवर हात मारून घेतले. काका उठून गेले ते जेवायलाही आले नाहीत. वडिलांनी त्या दिवसापासून कामाचा असा धडाका लावला, की दुपारचं बसणंही बंद. लवकर उरका, लवकर निघू, एवढंच.

दोन-तीन दिवसांनी मालिकेत तो प्रसंग आला. गड्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं, मालकिणीनं त्याला जवळ घेतलं, म्हणाली माणूस बदलतो. मागून सनई की काय ते वाजलं. आमची सगळी ओसरी रडत होती. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं झालं वं माय, सांगून टाकलं त्यानं. मोकळा झाला." मी सहज मागं पाहिलं. काका टीव्हीकडं नाही, म्हातारीकडं बघत होते.

नंतर पाणी भरायला विहिरीवर गेले तर वडील आणि काका तिथं होते. वडील दबक्या आवाजात तडकले होते. "तुले येड लागलं काय? थे टीव्ही हाय. तिथं रडाचेही पैसे भेटतेत. इथं टोळी बसंन घरी, सारी." काका म्हणाले, "थे म्हातारी रडली ना भाऊ. मी पायलं." मला पाहून काकांनी माझ्या हातातली बादली घेतली आणि पाणी शेंदायला लागले. काकांचं काहीतरी जुनं लफडं असेल, असं मी धरलं.

सकाळी मालक आणि म्हातारी चहाची किटली घेऊन बगीच्यात आले. टोळी एका झाडाखाली जमली होती. काकांनी आपली आरी म्हातारीच्या पायाशी ठेवली.

"माय, तुमचा नदीकाठचा बगीचा म्या कापला."

म्हातारीला आधी कळलंच नाही. काकांनी पुन्हा सांगितलं. दिरानं बोलावलं होतं, तरणा होतो, डोकं नव्हतं, तेव्हापासून कोणत्याच मालकाच्या हातून आरी घेतली नाही. म्हणाले, "तुमी म्हनाल थे." त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा होती ती आठवली की मला आजही त्या मालिकेवाल्यांना शिव्या घालाव्याशा वाटतात.

म्हातारीनं किटली खाली ठेवली. मग म्हणाली, "काल मी त्या गड्यासाठी रडली म्हनून आला काय? त्यानं धान्य जाळलं होतं रे. धान्य दुसऱ्या साली येते. माझा माणूस कोणत्या साली येईन?"

मालकानं पोलिसांना लावायला मोबाईल काढला, तिनं त्याचा हात खाली केला. तिचं समाधान झालेलं नव्हतं. आडव्या पडलेल्या झाडांमधून ती तेव्हा चालली होती, आम्ही नाही.

"एकट्यानं कापला?"

"हो. एकट्यानं."

इथं टोळीतल्या प्रत्येकाची मान खाली गेली. कारण आमचा जन्म आरीत गेला आहे. मनगटाएवढी वाळकी फांदी कापतानाही दम लागतो. फळावर आलेल्या झाडाचा ओला बुंधा आरीला धरून ठेवतो, तिला पुढं सरकू देत नाही. दुसऱ्यानं झाड रेटून धरल्याशिवाय चीर उघडत नाही. एक माणूस एका रात्रीत ओळभर झाडं पाडेल तर पुष्कळ. अख्खा बगीचा एकट्यानं होणं नाही. हे लेप लावणाऱ्या आम्हा बायांनाही कळतं. मी वडिलांकडं पाहिलं. ते चहाच्या कपात बघत होते.

म्हातारी त्यांच्याकडं वळली. "मुकादम, तुमाले माहीत होतं?"

"नाही, माय."

"झाडाले हात लावून सांगा."

वडील उठले. शेजारच्या झाडावर तळहात ठेवला. आदल्या दिवशी मीच लेप लावलेलं झाड, चुना पुरता वाळलाही नव्हता. म्हणाले, "मले काई माहीत नाही."

"यायले काई माहीत नाही," काका लगेच म्हणाले. "कोणालेच नाही."

टोळी वाचली. म्हातारी म्हणाली, तुम्ही काम करा, याला माझ्या नजरेसमोरून न्या. आणि आमची माणसं, जी आदल्या संध्याकाळी नाकं शिंकरत होती, ती आपापल्या आऱ्या उचलून झाडांवर चढली. मी त्यांना दोष देत नाही. प्रत्येकाच्या घरी चूल आहे. पण काकांनी आपली पिशवी भरली तेव्हा एकानंही खाली पाहिलं नाही, हे मी विसरू शकत नाही.

मी रस्त्यापर्यंत सोबत गेले. सरळ विचारलं, "काका, संगं कोण होतं?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "बापाले वावरात चपलेबिगर फिरू देऊ नोको. शुगर हाय त्याले. काटा गेला त समजनार नाही." आणि चढले.

मला रडू आलं नाही, संताप आला. त्यांच्यावर, की जन्मभर ताकास तूर लागू दिली नाही आणि शेवटी बोलले ते एका टीव्हीच्या भरवशावर. आणि बोलले तेही अर्धंच.

त्यानंतर आमच्या टोळीचं नाव उलट वाढलं. त्या मुकादमानं जुना माणूसही एका मिनिटात बाहेर काढला, अशी कीर्ती पसरली. फोन यायला लागले. वडील अजून पहिल्या झाडापाशी आरी कपाळाला लावून घेतात. टोळीतली माणसं त्या वेळी दुसरीकडं बघतात. जेवताना पूर्वी हसणं-खिदळणं चालायचं, आता भाकरी मोडल्याचा आवाज येतो. झाकली मूठ आहे आणि ती उघडायची भीती सगळ्यांना सारखीच आहे.

काकांचा फोन बंद आहे. टोळीतल्या एकाला ते अकोल्याच्या भाजीबाजारात पोती वाहताना दिसले म्हणे, हाक मारली तर गर्दीत शिरले. मी दोनदा जाऊन आले. ज्या शहरात परत पाय ठेवणार नाही म्हटलं होतं, तिथल्या प्रत्येक हमालाचं तोंड पाहत फिरले. सापडले नाहीत. सापडले असते तरी त्यांना कुठं घेऊन येणार होते, हा प्रश्नच आहे. अंगणातल्या खोलीत वडिलांनी आता मोरचुदाची पोती ठेवली आहेत.

मी वडिलांना काही विचारलेलं नाही. त्यांना ठाऊक आहे की मला कळलं. मी त्यांचं औषध देते, पाय तपासते, ताट वाढते. परवा जेवता जेवता त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "बाई, तुले एक सांगाचं होतं. लय दिवसापासून."

मी म्हटलं, "थांबा, दूध उतू जाऊन राहिलं," आणि आत गेले. गॅस पेटलेलाच नव्हता. ते हात धुऊन उठेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.