मण्यारीचा पेशंट आणि ब्रदर

धंतोलीच्या ज्या हॉस्पिटलात मी रक्ताचे नमुने घ्यायला जाते, तिथल्या आयसीयूत एक ब्रदर आहे. कन्हानहून बसनं येतो, चपला दाराशी जोडीनं काढतो आणि आल्याबरोबर प्रत्येक पेशंटच्या कानाशी वाकून आजचा वार सांगतो. मण्यार साप चावलेल्यांना तर तो दिवसभर बातम्या देत असतो.

या पावसाळ्यात काटोलचा एक संत्रा बागायतदार मण्यार चावून व्हेंटिलेटरवर आला. पापणीसुद्धा हलत नव्हती. बायकोनं हंबरडा फोडला, तसा ब्रदर खेकसला, "काहून रडून राहिली वं माय? नसेच्या टोकाशी कॅल्शियमची ये-जा असते. विषातल्या एन्झाइमनं तेच बिघडवलं, म्हणून नसेचा निरोप स्नायूले भेटत नाही. कान चालू आहेत त्याचे!"

मग त्या निपचित माणसाकडे वाकला. "तुझा मृगबहार मस्त फुटला गा. झाडं पांढरी झाली."

त्यानं ती बाग कधी पाहिलीही नव्हती. त्याचं हे बेधडक खोटं मला खटकायचं. पण तो रोज तेच सांगायचा.

आठवड्यानंतर नळी निघाली. पेशंटनं घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य काढलं, "भाऊ, मी पावसाळ्यातला मृगबहार घेतच नाही. आमचा उन्हाळ्याआधीचा अंबिया असते."

ब्रदर जराही ओशाळला नाही. आता मण्यारीचा पेशंट आला की तो आधी नातेवाइकांना गाठतो. "शेतात काय आहे? संत्रा असन तर बहार बरोबर सांगा. हे लोक पडल्या पडल्या चूक पकडतात."