आहेराच्या पिशवीतलं

मुलगी बाळंतपणाला ईटला, आमच्याकडं आली होती. टाके ओले, बाळही सारखं ओलं. लंगोट बदलता बदलता ती बसल्या जागी डुलक्या घेऊ लागली, तेव्हा मी कुणाला न विचारता डायपरचा मोठा पुडा आणला. ती झोपली. बाप म्हणून एक तरी काम नीट झालं असं वाटलं.

मग तिच्या सासूबाईंचा, आमच्या विहीणबाईंचा, माकणीहून फोन आला.

"प्लास्टिक बांधलं की लेकरू फेंगडं चालतंय. तुमाला लंगोट धुवायचा कटाळा असंल तर सांगा. बारशाला येतेच हाय, दोघांना संगंच घेऊन जाते."

मुलगी माझ्याकडं बघत होती. "छे छे ताई, आमच्याकडं लंगोटच," मी म्हणालो. खोटं बोललो.

आता वापरलेले डायपर घरातून घालवणं आलं. जाळायला बायकोची बंदी. बाळाचं जाळलं की बाळाच्या अंगाची आग होते म्हणे. पुरले, तर कुत्र्यांनी उकरून गल्लीभर मांडले. शेवटी बारशाच्या सकाळी ते सगळे गोळा केले, हाताला लागलेल्या पिशवीत कोंबले आणि पेढे आणायच्या निमित्तानं मोटारसायकलवर भूमला गेलो. पिशवी मुलीच्याच लग्नात वाटलेली, आहेराची. वर आमचं आडनाव, खाली गाव, ठसठशीत छापलेलं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

स्टँडवर बाकड्याखाली पिशवी सरकवून सटकलो. पाठीमागून चहावाला पळत आला. "ओ काका! पिशवी राहिली की! ध्यान कुठं हाय?"

फुलवालीच्या टोपलीआड ठेवली, तर तिनं "बारशाचं सामान असं इसरतेत व्हय?" म्हणत वर झेंडूची माळ घालून परत दिली. ह्याच स्टँडवर माझी नवी छत्री गेली होती, ती काही कुणी आणून दिली नव्हती.

मग फलाटाला लागलेल्या रिकाम्या एसटीत, वरच्या फळीवर पिशवी ठेवली आणि चोरासारखा उतरलो. सरकारी गाडीत घाण टाकली याची लाज इतकी वाटली, की गाडीची पाटीसुद्धा वाचली नाही.

दुपारी विहीणबाई आल्या. अंगावर नवी कोरी इरकल. हातात माझी पिशवी, माळेसकट.

"धरा. कंडक्टर इचारीत हुता, ईटची पिशवी कुणाची? म्या म्हणलं, आमच्याच लग्नातली की. भूमपासनं मांडीवर घेऊन आले."

त्यांनी आत बघितलं होतं का, हे चेहऱ्यावरून कळेना. मी पिशवी खुंटीला अडकवली आणि देवाचं नाव घेतलं.

बाळाला त्या दिवशी मीच लंगोट बांधला होता. बोललेलं निदान एक दिवस तरी खरं व्हावं म्हणून. बायका पाळणा म्हणत होत्या, बाळ विहीणबाईंच्या मांडीवर होतं, आणि पाळणा ऐन रंगात असताना इरकल भिजली. गाणं थांबलं. त्यांनी बाळाकडं बघितलं, लुगड्याकडं बघितलं, मग खुंटीकडं.

"भाऊ, एखादं कोरं शिल्लक हाय का?"

"काय, ताई?"

"काय म्हंजे? येवढ्या खड्ड्यातनं मांडीवर घेऊन बसले, वरनं दाबून धरलं, एक थेंब न्हाय गळला. आन् तुमचा लंगोट एक पाळणा टिकंना!"

मी हात जोडले. फोनवरचं खोटं, कुत्री, एसटी, सगळं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्या ओला पदर पिळत ऐकत होत्या.

"पोरगी झोपती का पर?"

"झोपते."

"मग ऱ्हाऊ द्या हितंच, टाके भरूस्तवर. आन् आधी ते कोरं आणा."

निघताना बायकोनं त्यांना खण-नारळ दिला, तो नेमका तसल्याच दुसऱ्या पिशवीत घालून. घेण्याआधी विहीणबाईंनी ती दोन बोटांनी उघडली आणि आत वाकून नीट बघितलं.