छतावरचं पाणी

घड्याळजींच्या बायकोला झटका आला, त्यात तिची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तोंडातून नुसतं "अं, अं" निघे. तिला दवाखान्यातून घरी आणताना त्यांनी सलाइनच्या वापरलेल्या नळ्या पिशवीत कोंबल्या.

"काका, याचं काय लोणचं घालणार?" नर्स हसली.

घरी येऊन त्यांनी छताच्या पन्हळीखाली विटा रचून दोन पिंपं चढवली आणि पिंपांच्या तोंडाला फडकं बांधलं. पिंपांच्या तोट्यांपासून परसात सगळीकडे त्या नळ्या पसरल्या. बाग बायकोची. तिचे गुलाब, तिचे टोमॅटो, तिने बी लावून वाढवलेलं लिंबू. नळाच्या पाण्याचा काही नेम नसे आणि बादल्या वाहायला आता तिचे हात नव्हते. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बारीक चाकांशी झटलेल्या त्या माणसाने नळ्यांची चाकं फिरवून रोपारोपाला थेंब जुळवून दिला. तिचा पलंग खिडकीशी ओढला. थेंब पडताना बघून तिचा डावा ओठ किंचित हसे. तेवढ्यावर घड्याळजींचा दिवस सुखाचा जाई.

एका संध्याकाळी ते दुकानातून परतले, तर ती डावं बोट वर करून "अं, अं" करत होती. त्यांनी पंखा लावला. तिने मान हलवली. त्यांनी बंद केला. बोट वरचं खाली येईना.

"अगं, लावू की बंद करू? एकदा काय ते ठरव बाई!"

ती रडायला लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. आजारपणात माणूस हळवं होतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

पुढे चांगला पाऊस झाला, पिंपं भरली आणि बागेला जणू कुणाची नजर लागली. पानांच्या कडा करपल्या, टोमॅटोंनी माना टाकल्या. पाणी कमी पडतंय म्हणून घड्याळजींनी चाकं सैल केली. पाणी वाढलं तशी पानगळही वाढली.

शेजारच्या घरमालकीणबाई कुंपणापाशी आल्या आणि बघतच राहिल्या.

"अहो, हे पाणी झाडांना घालताय? छतावर शेवाळ माजलं होतं, मी औषध मारून घेतलं ना! तुम्ही दुकानात होतात. खिडकीतून काकूंना सांगितलं, काकांच्या कानावर घाला म्हणून. त्यांनी मानेने हो म्हटलं." बोलता बोलताच त्यांची नजर खिडकीकडे गेली. "माझ्या लक्षातच नाही आलं हो..."

घड्याळजींनी धावत जाऊन तोट्या बंद केल्या. मातीचा वरचा थर खरवडला, अंघोळीचं ठेवलेलं पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. दोन-चार दिवसांत लिंबूही बोडकं झालं.

"तू हेच सांगत होतीस ना गं?"

तिने डोळे मिटून घेतले. आता ती बोटही उचलत नव्हती.

तिला ते दिसायला नको म्हणून त्यांनी पलंग भिंतीकडे ओढायला घेतला. तिने डाव्या हाताने खिडकीचा गज धरला आणि काही केल्या सोडेना. शेवटी ते तिच्या पायाशी टेकले. बाहेर पाऊस सुरू झाला, काठोकाठ भरलेली पिंपं वाहू लागली आणि ते पाणी हळूहळू गुलाबांच्या आळ्यात उतरताना दोघं बघत राहिली.