किल्ली काढली तरी न विझणारा दिवा

गेल्या वर्षी मी बारा वर्षांची जुनी गाडी घेतली, तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, आमच्या घराण्यात नवी गाडी कुणी घेतलेलीच नाही, परंपरा मोडणारी मी कोण? या गाडीत एक बटण आहे, ते दाबल्यावर नेमकं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. आधीच्या मालकाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, मी पण तेच शोधत होतो." त्या बटणाकडे नजर गेली की मला बाबांची पहिली गाडी आठवते, आणि ती आठवली की आपोआप हात कपाळाकडे जातो.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे ऑफिसर होते आणि आम्ही स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्यांत राहत होतो. घरात एक स्कूटर होती. बाबा चालवायचे, आई मागे बसायची आणि मी पुढे उभी. पण मी ताडमाड वाढत होते आणि माझं डोकं बाबांच्या आड यायला लागलं होतं. "मान खाली," बाबा दर दोन मिनिटांनी म्हणायचे. बदलापूरला मावशीकडे जायचं म्हणजे अख्खा रस्ता मी मान वाकवून फक्त स्पीडोमीटरचा काटा बघायचे. रस्त्यात काय काय लागतं हे मला कुणी विचारलं असतं तर मला एवढंच सांगता आलं असतं की चाळीस लागतं.

म्हणून बाबांनी गाडी आणली, तेव्हा त्यांच्याइतकाच आनंद मला झाला. किंबहुना जास्तच. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये एका सिंधी शेठजींचं कापडाचं दुकान होतं, त्यांची ती गाडी. चांगली वापरलेली, क्रीम रंगाची, आत नव्या कापडाचा आणि उदबत्तीचा वास. किल्ली देताना शेठजी म्हणाले होते, "आठ दिन चलाओ, साईं. दिल नहीं भरा तो गाडी वापस. हम यहीं बैठे हैं." बाबा हसले होते. त्यांना वाटलं, ही बोलायची पद्धत असेल.

गाडी रविवारी आली. आईने बॉनेटला हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, शेजाऱ्यांना पेढे वाटले. मग आम्ही तिघं आत बसून त्या गाडीचा अभ्यास करायला लागलो. डॅशबोर्डवर ओढायची काळी बटणं होती आणि त्यांच्यावरची चिन्हं शेठजींच्या बोटांनी पार पुसून टाकली होती. एक ओढलं की वायपर हलायचे. दुसरं ओढलं की दिवे लागायचे. तिसरं ओढलं की वरवर काहीच व्हायचं नाही, पण गाडी म्हाताऱ्या माणसासारखी खोकायला लागायची. ते थंड इंजिन सुरू करायचं चोक, हे बाबांना सोमवारी कळलं. हेडलाइटचा प्रकाश खाली-वर करायचं बटण चक्क पायाशी होतं, आणि ते बाबांना चुकून पाय पडल्यावर सापडलं. सिगरेट पेटवायचं लाल होणारं बोंडूक होतं, त्यावर शेठजी रोज उदबत्ती पेटवत असत म्हणे. आईला तेवढं एकच यंत्र पसंत पडलं.

"कुणीही कशाला हात लावायचा नाही," बाबांनी जाहीर केलं, आणि बघितलं माझ्याकडे.

मंगळवारी बाबा कंपनीच्या बसने कामावर गेले होते. आई दुपारची पडली होती. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला होती आणि गाडी खाली पत्र्याच्या शेडमध्ये. यापुढचं वेगळं सांगायला नको. मी स्टिअरिंग धरून बदलापूरला दोनदा जाऊन आले, तोंडाने हॉर्न वाजवत. सगळी बटणं ओढून पाहिली आणि परत आत ढकलली. मग माझं लक्ष गेलं ते समोरच्या तबकडीकडे. काट्याच्या खाली दुधी काचेचं एक लहानसं गोल होतं. बाकी सगळीकडे काही ना काही काढलेलं होतं, हे तेवढं मोकळं. आमच्याकडे मुलींनी मोकळ्या कपाळाने फिरायचं नाही, असा आईचा दंडक होता. आईने गाडीला बाहेरून कुंकू लावलं, आतून कुणीच लावलं नाही, हे मला फार वाईट वाटलं. मी माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि तिथे लावली. आईच्या पाकिटातली, लाल, चकचकीत. मापाला इतकी बरोबर बसली की मी स्वतःवरच खूश झाले, गाडीचं दार बंद केलं आणि वर येऊन गृहपाठाला बसले.

बुधवारी संध्याकाळी बाबा आईला फिरवून आणायला म्हणून गाडीत बसले आणि लगेच उतरले.

"लाल दिवा लागलाय," ते म्हणाले.

त्यांनी किल्ली काढली. दिवा लागलेलाच. परत घातली, परत काढली. दिवा ढिम्म. मला एका क्षणात सगळं कळलं. पहिल्या पाच मिनिटांत मी बोलले असते तर एक धपाटा बसून विषय संपला असता. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि तेवढ्यात शेजारचे काका आले. काका बँकेत होते आणि त्यांना गाडीतलं सगळं कळत असे, कारण त्यांच्याकडे गाडी नव्हती. त्यांनी खिडकीतून हातभर अंतरावरून आत बघितलं आणि निदान केलं, "ऑइलचा आहे. इंजिन जाम होणार." आता दोन मोठ्या माणसांसमोर सांगायचं म्हणजे प्रकरण दुप्पट झालं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबांना तेव्हा चाळिशी लागली होती. डॉक्टरांनी चष्मा दिला होता आणि तो डबीत, डबी शर्टाच्या खिशात, अशी त्याची व्यवस्था होती. कारखान्यात हाताखालचे लोक म्हातारा म्हणतील म्हणून बाबा तो घालत नसत. पेपर हात लांब करून वाचायचे. गाडीचा डॅशबोर्ड मात्र हात लांब करून धरता येत नाही.

गुरुवारी त्यांनी ठरवलं, मूळ शोधायचं. मेकॅनिककडे जायचा प्रश्नच नव्हता. "मी इलेक्ट्रिकलचा माणूस आहे," ते आईला म्हणाले, "माझ्या गाडीतला दिवा मला दुसरा कुणी सांगणार?" शेडमध्ये अंधार होता, म्हणून टॉर्च धरायला मला नेलं. मी खिडकीतून हात घालून उभी. माझ्या हातातला प्रकाश बरोबर माझ्याच टिकलीवर पडत होता आणि ती छान चमकत होती. माझा हात पोहोचला असता तर मी ती तेव्हाच खरवडून काढली असती, पण मध्ये बाबांचं डोकं होतं. बाबांनी फ्यूज काढले. दिवा चालू. शेवटी बॉनेट उघडून त्यांनी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि परत येऊन पाहिलं.

दिवा चालू.

बाबा हळू आवाजात मला म्हणाले, "कुठेतरी चार्ज साठून राहिलाय." मी मान डोलावली. रात्री जेवल्यावर बाबा कॉलेजातलं जाडजूड पुस्तक काढून बसले, हात लांब करून.

त्या दिवसापासून किल्ली त्यांच्या खिशात गेली, म्हणजे माझा मार्ग बंद झाला. आणि शुक्रवारी त्यांनी आईला सांगितलं, "रविवारी आठवा दिवस. परत देऊन टाकतो. मी आतलं काही उघडलं तर शेठ म्हणेल, तुम्हीच बिघडवलीत."

"मग मावशीकडे कसं जायचं?" मी विचारलं.

"स्कूटर आहे की," बाबा म्हणाले.

मला चाळीसचा काटा दिसायला लागला. मी शनिवारी दोनदा आईजवळ गेले, दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा पाणी मागितलं. खरं सांगायचं तर मला माराची भीती नव्हती. बाबांनी बॅटरीच्या वायरी सोडवल्या होत्या, मी टॉर्च धरला होता, आणि आता मी खरं बोलले तर त्यांचं काय होईल, ते मला बघवलं नसतं.

रविवारी निघालो. कॅम्पात जातोच आहोत तर ब्लाऊजपीस बघू, म्हणून आईही आली. मी म्हटलं, मला पुढे बसायचं आहे. बाबा नाही म्हणाले. इंजिन जाम होईल या भीतीने बाबा बैलगाडीच्या वेगाने चालले होते. शेअर रिक्षावाले मागून हॉर्न मारायचे, बाजूने जाताना आत डोकावायचे. कॅम्प पाचमध्ये तर एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून बघत राहिला. बाबांचे कान लाल झाले होते. राग आला किंवा लाज वाटली की त्यांचे कानच बोलायचे.

दुकानासमोर गाडी लावून ते दोघं आत गेले. "बस इथेच," आई मला म्हणाली.

मी एकटी होते. मागच्या सीटवरून पुढे झेप घेतली, नख लावलं आणि टिकली निघाली. इतकं सोपं होतं. पाच दिवस ज्याच्यासाठी माझा जीव वरखाली होत होता ते माझ्या बोटाच्या टोकावर बसलं होतं. तेवढ्यात दुकानाच्या पायऱ्या उतरून येणारे पाय दिसले. आता टिकली ठेवायची कुठे? आमच्या घरात बोटावरची टिकली दोनच ठिकाणी जाते, आरशावर नाहीतर कपाळावर. घरचा आरसा दूर होता. मी पटकन मागच्या सीटवर सरकले.

शेठजींनी दार उघडून आत वाकून पाहिलं. सत्तरीचे, पांढरे कपडे, मोठं पोट. "कहाँ है बत्ती?"

"ये देखो ना," बाबा म्हणाले आणि थांबले. दिवा विझलेला होता. "अभी था. पाच दिन से था. बॅटरी निकाला तो भी था."

"बॅटरी निकाला तो भी?" शेठजींनी फार अदबीने विचारलं.

बाबांचे कान कुंकवासारखे झाले. आणि मग त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. खिशातून डबी काढली, सगळ्यांसमोर चष्मा घातला आणि डॅशबोर्डवर वाकले. शेठजींचं लक्ष मात्र डॅशबोर्डकडे नव्हतंच. ते मागच्या सीटकडे बघत होते, माझ्या कपाळाकडे, जिथे टिकली भुवईच्या वर वाकडी बसली होती. त्यांचं पोट हलायला लागलं.

"साईं," ते म्हणाले, "चश्मा इधर घुमाओ. बत्ती तो बेटी के माथे पे है."

बाबा वळले. चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच मला इतकं स्पष्ट पाहिलं असेल.

"कधी लावलीस?"

"मंगळवारी."

"आणि मी बॅटरी काढली तेव्हा?"

"टॉर्च धरून उभी होते."

मी रडायला लागले. गाडी परत देऊ नका, मी मान खाली घालून नाही जाणार, असं काहीतरी बोलले. मग आई आत वाकली, प्रकार समजून घेतला आणि शांतपणे म्हणाली, "ही टिकली होय? ती मी बुधवारीच पाहिली होती. मला वाटलं तुम्हीच लावलीत, गाडीला दृष्ट लागू नये म्हणून."

"मग बोलली का नाहीस?" बाबा म्हणाले.

"तुम्ही दिवा दिवा करत होता. टिकलीचं कुणी विचारलं मला?"

आधी शेठजी हसले, गाडीच्या टपाला धरून. मग बाबा. बाबा असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. माझं रडणं मध्येच राहिलं, कारण त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे हसत होते हे लक्षात आल्यावर मला फार बरं वाटलं. शेठजींनी आम्हाला आत नेऊन पाणी दिलं आणि त्यांच्याकडच्या पद्धतीप्रमाणे पाण्याबरोबर भाजलेला पापड. माझ्या हातात दोन पापड आले. आईला ब्लाऊजपीसही मिळाले.

परत येताना मी पुढे बसले, आईच्या मांडीवर. बाबांनी चष्मा काढला नाही आणि गाडी चांगली पन्नासने चालवली. शेजारच्या काकांना त्यांनी सांगितलं, "अर्थिंगचा प्रॉब्लेम होता." काका म्हणाले, "मला वाटलंच." झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता बाबा ऐंशीच्या घरात आहेत. परवा त्यांना घेऊन मावशीकडे बदलापूरला चालले होते. हायवेला लागतो न लागतो तोच माझ्या गाडीत इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. मी घाबरून गाडी कडेला घेतली, किल्ली काढली, फोनवर त्याचा अर्थ शोधायला लागले. बाबांनी चष्मा नीट बसवला, सावकाश पुढे वाकले, आणि बोटाचं नख तबकडीच्या काचेवर दोनदा घासलं.

"मला किल्ली लावून दाखव," ते म्हणाले. मी लावली. दिवा परत लागला. त्यांनी परत नख घासलं.

"खरा आहे. गॅरेजला घे."

मग सीटवर मागे टेकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तरी एकदा कपाळाला हात लावून बघ. तुझी जागेवर आहे ना?"

मी हात लावून पाहिला. जागेवर होती.