पुढे कोण चालणार

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. लिफ्ट दुरुस्त करायचा. जन्मभर त्याने लोकांना वर नेलं, खाली आणलं, आणि स्वतः राहिला तो बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बायको भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढताना रोज एकदा तरी ऐकवायची, "जगाला बसून वर पाठवता, आणि घरच्यांचे गुडघे झिजवता!" मिस्त्री हसून तिच्या हातातली जड पिशवी घ्यायचा. हलकी तिच्याकडेच ठेवायचा, नाहीतर ती आणखी बोलली असती.

त्याचं दुकान म्हणजे एका मोठ्या इमारतीच्या तळघरातली खोली. ग्रीसचा वास, खिळ्यांना टांगलेल्या तारा, आणि फळीवर जळक्या स्विचांनी भरलेल्या बरण्या. फेकून का देत नाहीस म्हटलं तर म्हणायचा, "इतकी वर्षं चाललेत बिचारे, कचऱ्यात कसं टाकू?"

माणूस मऊ होता, पण एका बाबतीत भलताच कडक. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की बाहेरचे लोक दाराला तोंड लावून ओरडतात, "घाबरू नका, झालंच, दोन मिनिटं!" मिस्त्री आला की आधी त्या सगळ्यांना बाजूला करायचा आणि आतल्याला सांगायचा, "अर्धा तास तरी लागेल. खाली बसा, बूट काढा." एकदा एक वकीलबाई आत अडकल्या. दोन मिनिटं, दोन मिनिटं ऐकून ऐकून त्यांनी दारावर लाथा घालायला सुरुवात केली होती. मिस्त्रीने खरं काय ते सांगितलं आणि आतला आवाज बंद झाला. दार उघडलं तर बाई पर्स उशाला घेऊन घोरतायत. जागं केलं तर म्हणतात कशा, "एवढ्यात झालं?"

तर असा हा मिस्त्री. त्याच्या शाळेपासूनच्या दोस्तांची चौकडी होती. बेकरीवाला ढब्बू, भूगोल शिकवणारे मास्तर, बस चालवणारा ड्रायव्हर, आणि हा. थंडी सरली की वर्षातून एकदा हे चौघे गावामागचा मोठा डोंगर चढायचे, पार शिखरापर्यंत, आणि दिवस मावळायच्या आत घरी.

या चढाईचा त्यांचा एक कायदा होता. सगळ्यात हळू चालणारा पुढे. त्याला कुणी ओलांडायचं नाही. तो बसला की बसायचं, तो उठला की उठायचं, आणि वाटेत त्याचा शब्द शेवटचा. कायदा झाला त्यालाही कारण होतं. तरुणपणी एकदा ढब्बूला मागे टाकून तिघे सुसाट वर गेले, आणि ढब्बू एकटाच भलत्या वाटेने दुसऱ्याच दरीत उतरला. त्याला शोधण्यात दिवस गेला, शिखर राहिलं, शिवाय त्याच्या आईने तिघांना उंबऱ्यात उभं करून असं सोलून काढलं की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून ढब्बू पुढे. बाकी तिघांनी इतकी वर्षं डोंगर कमी आणि ढब्बूची पाठच जास्त पाहिली.

पण या वर्षी घोळ झाला. ढब्बूच्या रक्तात साखर निघाली, लेकीने त्याला पहाटे पहाटे पळायला लावलं, आणि ढब्बू वाळून काडी झाला. इकडे मिस्त्रीचा पाय लिफ्टच्या खड्ड्यात घसरला आणि गुडघा कामातून गेला. म्हणजे सगळ्यात हळू आता कोण, हे चौघांनाही ठाऊक होतं. बोलणार कोण?

पायथ्याशी गाडी थांबली. चौघे उतरले आणि उगाचच आभाळाकडे बघत उभे राहिले. मिस्त्रीने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. पुढे व्हायचं म्हणजे मी मोडलो असं आपल्या पायाने जाहीर करायचं. त्याचं मन होईना.

शेवटी ढब्बूच म्हणाला, "मी होतो पुढे. सवयीचं आहे."

"हो हो, तूच हो," मिस्त्री म्हणाला आणि झटकन सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

चालणं सुरू झालं. मिस्त्रीला वाटलं, गुडघा साथ देतोय की! दुखत होता, पण तो मागे पडत नव्हता. पडणार कसा? ढब्बूच्या बुटाची नाडी दर वळणावर सुटत होती. मास्तर प्रत्येक दगडापाशी थांबून तो दगड मुळात कुठून आला ते सांगत होते. आणि ड्रायव्हर, जो धावत येणाऱ्या म्हातारीसाठीसुद्धा बस थांबवत नसे, तो गवतातल्या फुलांचे फोटो काढत होता.

"काय रे," मिस्त्रीने मागून टोमणा मारला, "चरबी गेली आणि चाल पण घेऊन गेली का?"

"वय झालं बाबा," ढब्बू म्हणाला.

ऊन चढलं तरी झाडी संपेना. तेवढ्यात वाऱ्याने ढब्बूची टोपी उडाली आणि वर, खडकात जाऊन अडकली. ढब्बू भान विसरला. बकरीसारखा टणाटण उड्या मारत गेला, टोपी उचलली, तसाच उड्या मारत खाली आला. मिस्त्री आपल्याकडे बघतोय हे दिसलं, आणि मग त्याला धाप लागली.

"धाप उशिरा पोचली रे तुझी," मिस्त्री म्हणाला.

ढब्बू टोपीवरची धूळ झटकायला लागला.

"तिघांनी मिळून ठरवलंत?"

"ठरवलं कुठे!" मास्तर म्हणाले. "मी आपला माझ्या परीने..."

"म्हणजे तुम्हीपण?" ड्रायव्हर चकित झाला. "अहो, मला वाटलं मी एकटाच नाटक करतोय. ते फूल आमच्या अंगणात ढिगाने उगवतं!"

ढब्बूला हसू फुटलं. मिस्त्रीला मात्र आलं नाही. त्याचे कान तापले होते.

"मी काय काचेचं सामान आहे? हळू धरा, फुटेल? अर्धा दिवस घालवलात. व्हा बाजूला."

आणि तो पुढे झाला.

पुढे झाल्यावर त्याने पहिल्यांदा ती वाट मोकळी पाहिली. पाऊल टाकायचं, गुडघ्याची कळ जिरू द्यायची, दुसरं टाकायचं. चाल गोगलगायीची, पण न थांबता. मागे कुणाची नाडी सुटली नाही की फूल दिसलं नाही. झाडी संपली, गवत संपलं, आणि शिखराखालच्या सपाटीवर चौघे पोचले. वर उरला तो उघडा खडकाळ चढ. मिस्त्रीने तो नीट पाहिला. चढता आला असता कदाचित. उतरता आला नसता. तो दगडावर बसला. कायद्याप्रमाणे तिघेही बसले आणि डबे सोडायला लागले.

"डबे ठेवा," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही तिघे वर जाऊन या."

"पुढच्याला ओलांडायचं नाही," ढब्बू म्हणाला.

"आणि पुढच्याचा शब्द शेवटचा. मी सांगतोय, जा."

"अरे, आम्हाला काय त्या शिखराचं कौतुक? दर वर्षी तेच," मास्तर म्हणाले.

"दर वर्षी तिथून खाली ओढून आणावं लागतं तुम्हाला. उठा!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, कुरकुर केली, आणि उठले. पहिली काही पावलं त्यांनी जड जड टाकली. मग त्यांनाच राहवेना. मिस्त्री खालून बघत होता. ढब्बू पुढे सुटला, ड्रायव्हर त्याला गाठायला धावला, मास्तर हातांनी खडक धरत भराभर वर सरकले. सकाळपासून दाबून धरलेली ती चाल बघून मिस्त्रीला गंमत वाटली, आणि आपण तिथे नाही याचं वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी होतं माणसाला, त्यात नवल नाही.

थोड्या वेळाने तिघे शिखरावर दिसले, मग उतरून आले. तोंडं मुद्दाम पाडलेली.

"काय दिसलं?" मिस्त्रीने विचारलं.

"काही नाही रे," ड्रायव्हर म्हणाला. "धुकं होतं सगळं."

"धुकं? मघापासून उन्हात तुमची टकलं चमकतायत, मला इथून दिसतायत. पुन्हा सुरू केलंत?"

ड्रायव्हर मास्तरांकडे बघायला लागला, मास्तर जमिनीकडे. ढब्बू मात्र मिस्त्रीच्या शेजारी दगडावर येऊन बसला.

"फार सुंदर होतं," तो म्हणाला. "इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. पलीकडचं सगळं खोरं दिसत होतं. तू हवा होतास. हुकलं तुझं."

"हुकलंच," मिस्त्री म्हणाला. "नदी दिसली?"

"दिसली. दोन वळणं दिसली."

"तीन," मास्तर म्हणाले.

"तिसरं वळण नव्हतं, तो रस्ता होता."

"त्या रस्त्यावर मी रोज बस चालवतो," ड्रायव्हर म्हणाला, "मला विचारा ना!"

तिघे भांडायला लागले. मिस्त्रीने डबा उघडला. हेव्याने त्याला घास गोड लागेना, तरी ते थांबले की तो पुढचं विचारत होता.