मिरजेच्या दवाखान्यातलं काम

स्पिरिटचा वास आला की मिरजेच्या दवाखान्यातला तो बाक आठवतो. आत वडिलांचं ऑपरेशन सुरू होतं आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप होता, कारण कंपनीच्या नव्या सर्व्हरचा क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या संगणकांचा गट, सकाळपासून सुरूच होत नव्हता. शोधता शोधता कळलं, आदल्या दिवशी मीच कोडची रिपॉझिटरी, म्हणजे सगळा कोड ठेवायची जागा, प्रायव्हेट केली होती. त्यामुळे सर्व्हरना त्यातल्या फायली मिळत नव्हत्या. मी परवानगी दिली, तसा एकेक सर्व्हर सुरू होऊ लागला. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले, आईशी हळू आवाजात बोलले आणि परत आत गेले. आई माझ्याशेजारी येऊन बसली. "झालं का रं तुजं काम?" तिनं विचारलं. "व्हय," मी म्हणालो. "मग ठेव ते. तुजं वडील गेलं." मी आधी ऑफिसला 'क्लस्टर सुरू झाला' असं कळवलं आणि मगच लॅपटॉप मिटला. त्या दिवशी रडायचं राहून गेलं, ते अजून राहिलंच आहे.